निवेदक कुठे गेला?

एक गोष्ट करून पाहा. घरात असेल ती कादंबरी उघडा, कुठलंही पान काढा आणि पेन्सिलीनं संवाद सोडून बाकीची सगळी वाक्यं खोडा. 'तिला वाटलं', 'त्याच्या मनात आलं', 'त्या वाड्यात भर दुपारीही अंधार असायचा', 'आईला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती' हे सगळं बाद. आता काय उरलं? "चहा घेणार का?" "नको." "बरं." एवढंच! पानावरचं जे काही तुम्हाला भिडलं होतं, ते बहुतेक सगळं खोडलेल्या ओळींत निघून गेलं.

नाटककाराला मात्र या उरलेल्या ओळींवरच भागवावं लागतं. कादंबरीकार हवा तेव्हा पात्राच्या डोक्यात शिरतो, वीस वर्षं मागे जातो, एका वाक्यात पावसाळा संपवतो. नाटककाराला यातलं काहीच करता येत नाही. जुन्या नाटकांत निदान स्वगत तरी होतं, नट दोन पावलं पुढे येऊन मनातलं मोकळं करायचा. दिवाणखान्यातलं वास्तववादी नाटक आलं आणि तीही सोय जवळजवळ संपली. आता सांगा, मनातलं सगळं जातं कुठे?

या प्रश्नानं मी कित्येकदा झपाटलो आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला मराठीत जयवंत दळवींइतका चांगला माणूस नाही. वीसेक कादंबऱ्या आणि जवळपास तितकीच नाटकं या एका माणसानं लिहिली, आणि दोन्ही प्रकारांत ती लोकांनी उचलून धरली. कादंबरीकार असणं वेगळं, नाटककार असणं वेगळं. दळवींनी तर आपल्याच कादंबऱ्या हातात घेऊन त्यांची नाटकं केली. एकच कथा, एकच लेखक, पण एकदा निवेदक आहे आणि एकदा नाही. प्रयोगशाळेतसुद्धा इतकी नेमकी जोडी सहज मिळत नाही.

आधी हे दोन प्रकार एकमेकांपासून किती दूर आहेत ते बघू. कादंबरीत लग्नाला पाचशे माणसं बोलवायला एक ओळ लागते. रंगमंचावर प्रत्येक माणसाला मानधन आहे, कपडेपट आहे, दौऱ्याच्या बसमध्ये एक जागा आहे. म्हणून व्यावसायिक नाटकात पात्रं मोजकीच असतात आणि पंचवीस पात्रांची कादंबरी नाटकात येताना तिची सहा-सात पात्रं होतात. वाचक पुस्तक पालथं घालून जेवायला जातो, चार दिवसांनी परत येतो, नाव विसरलं तर दहा पानं मागे चाळतो. प्रेक्षकाला मागचं पान उलटता येत नाही. एक वाक्य कानावरून निसटलं की निसटलंच. वाचक एकटा असतो, इथे शेकडो माणसं अंधारात एकत्र बसलेली असतात आणि एकाचं हसू दुसऱ्याला लागतं. शिवाय कादंबरी छापायला कुणाची पूर्वपरवानगी लागत नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता मात्र प्रयोगाआधी सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. इतके सगळे फरक असताना एकाच माणसानं दोन्हीकडे सहजपणे वावरावं, हे नवल नाही का?

मी हे लिहितोय अच्छाडला. महाराष्ट्राच्या कोकणपट्टीचं हे उत्तरेचं टोक. महामार्गावरून थोडं पुढे गेलं की भिलाड आणि गुजरात. इथल्या झाई-बोर्डीच्या किनाऱ्यापासून खाली तेरेखोलच्या खाडीपर्यंत महाराष्ट्राचा समुद्रकिनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटर. त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोव्याला खेटून, वेंगुर्ले तालुक्यात आरवली आहे. ते दळवींचं गाव. त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२५चा आणि ते वाढले या आरवलीत. गावचा देव वेतोबा. भक्त त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला अर्पण करतात, कारण देव रात्री गावाच्या राखणीला हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा. ज्या पोराच्या गावात देवाच्या चपला झिजतात, त्याला गोष्टी शोधायला लांब जावं लागेल का?

आणि या छोट्या पट्ट्यात काय पिकलंय ते पाहा! आरवलीला लागून शिरोडे. तिथल्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिक्षक होते आणि तिथेच राहून कादंबऱ्या लिहीत होते. वेंगुर्ल्याला १९२९ साली मंगेश पाडगावकर जन्मले. पुढच्याच वर्षी जवळच्या बागलांच्या राईत चिं. त्र्यं. खानोलकर जन्मले, तेही कादंबरीकार आणि नाटककार, आणि वर आरती प्रभू या नावानं कवी. माडापोफळींच्या एका तालुक्यानं एवढं काही द्यावं, याचं कारण मला आजवर कुणी पटेलसं सांगितलेलं नाही.

दळवी मुंबईला आले. 'प्रभात', 'लोकमान्य' या दैनिकांत त्यांनी काम केलं आणि पुढे बरीच वर्षं अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात, म्हणजे 'युसिस'मध्ये काढली. अमेरिकन पुस्तकांचे मराठी अनुवाद करून घेणं हे त्यांच्या कामात होतं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६३ साली त्यांची 'चक्र' आली. मुंबईची झोपडपट्टी. तिथलं पाणी, संडास, दारू, पोलीस, भूक आणि देहाची भूक. मराठी पांढरपेशा वाचक ज्या वस्तीवरून लोकलच्या खिडकीतून नजर फिरवून घ्यायचा, तिथे दळवींनी त्याला आत नेऊन बसवलं. उपदेश नाही, कळवळ्याचं प्रदर्शन नाही. आणि पुढच्याच वर्षी, १९६४ला, 'सारे प्रवासी घडीचे'. कोकणातलं गाव, तिथल्या एकाहून एक वल्ली, वाचताना हसून हसून पोट दुखावं अशी माणसं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा आणि वरचं नाव झाका. एकाच माणसानं एका वर्षाच्या अंतरानं ही लिहिली असतील असं तुम्ही ओळखाल?

ओळखाल, थोडं थांबून. कारण गावातल्या त्या वल्ली हसवतात, पण नीट बघितलं तर त्यांतली बरीच माणसं आतून तडकलेली आहेत. कुणी वेडसर, कुणी विक्षिप्त, कुणाला एकाच गोष्टीनं आयुष्यभर पछाडलेलं. वेड हा दळवींचा आयुष्यभराचा विषय. शहाण्या घरात एक खोली बंद असते आणि आत कुणीतरी असतं, हे कोकणातल्या मोठ्या घरांचं सत्य त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या जवळून लिहिलं की त्यांच्या विनोदाच्या मागेही ती खोली जाणवत राहते.

विनोदाचं निघालं आहे तर ठणठणपाळाकडे वळायलाच हवं. १९६४ साली केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' मासिक सुरू केलं. त्यात 'घटका गेली, पळे गेली' नावाचं सदर येऊ लागलं. लेखक ठणठणपाळ. मराठीतला एकही मोठा साहित्यिक त्याच्या तडाख्यातून सुटला नाही. वसंत सरवट्यांनी त्याला रेषांतून रूप दिलं, हातात भलामोठा हातोडा घेतलेला एक गडी. हा कोण, यावर साहित्यवर्तुळात तर्क लढवले जात. आमच्या पालघरच्या डोंगरपट्ट्यात, जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा होतो. गावातलाच माणूस देवादैत्याचं मोठं सोंग डोक्यावर चढवतो आणि मशालीच्या उजेडात नाचत येतो. सोंगाखाली कोण आहे ते काहींना ठाऊक असतं, पण सोंग चढलं की त्याला शेजारी म्हणून हाक मारत नाहीत. ठणठणपाळ असाच जवळजवळ वीस वर्षं नाचला, आणि सोंगाखाली होते 'चक्र' लिहिणारे दळवी.

एक लेखक स्वतःच्या हौसेनं नाव लपवतो. दुसऱ्या एका कादंबरीकार-नाटककारावर ते लपवायची सक्ती झाली होती. रोमानियाची राजधानी बुखारेस्ट, मार्च १९४४. युद्ध चालू आहे, देशात ज्यूंविरोधी कायदे आहेत. एका नाटकगृहात नवं नाटक लागतं, 'नाव नसलेला तारा'. आडगावातला एक शिक्षक आकाशात नवा तारा शोधतो आणि एके रात्री आगगाडीतून एक अनोळखी स्त्री त्याच्या गावात उतरते. लोकांना ते आवडतं. जाहिरातीत लेखकाचं नाव आहे व्हिक्टर मिंकू. या नावाचा लेखक मुळात नव्हताच! खरा लेखक मिहाइल सेबास्टियन. 'दोन हजार वर्षांपासून' या १९३४च्या कादंबरीमुळे तो गाजलेला होता, पण ज्यू असल्यामुळे त्याचं नाव रंगमंचावर आणता येत नव्हतं. युरोपातलं युद्ध संपलं आणि तीन आठवड्यांनी, २९ मे १९४५ रोजी, ट्रकची धडक बसून तो गेला. वय ३७. त्यानं लपून लिहिलेली रोजनिशी जगापुढे यायला १९९६ उजाडावं लागलं. कादंबरीत मी-मी म्हणत बोलणारा हा माणूस नाटकात शिरला की पूर्ण अदृश्य व्हायचा, आणि शेवटी तर परिस्थितीनं त्याचं नावसुद्धा अदृश्य केलं.

परत मुंबईत येऊ. साल १९७३. दळवी अठ्ठेचाळिशीत आहेत, कादंबरीकार म्हणून नाव झालेलं आहे, आणि गोवा हिंदू असोसिएशन 'संध्याछाया' रंगमंचावर आणते. दिग्दर्शन विजया मेहतांचं. नाना आणि नानी हे म्हातारं जोडपं, माधव वाटवे आणि स्वतः विजयाबाई. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा हवाई दलात, घरात नोकर म्हादू. दिवस जाता जात नाही. माणसाच्या आवाजासाठी हे दोघं इतके आसुसलेले की कुणी अनोळखी आला तरी त्याला सोडवत नाही.

याच संस्थेनं तीन वर्षांपूर्वी 'नटसम्राट' केलं होतं. तेही म्हातारपणाचं नाटक. पण तिथे मुलं कठोर वागतात, प्रेक्षकाला रागवायला कुणीतरी मिळतं. 'संध्याछाया'त राग कुणावर काढायचा? अमेरिकेतला मुलगा वाईट नाही, आईबापांनीच त्याला शिकवून मोठं केलं. म्हातारा-म्हातारी हट्टी नाहीत. खलनायक कुणी नाहीच. सगळे चांगले आहेत आणि घर रिकामं आहे! नाटकाला संघर्ष लागतो असं आपण शाळेपासून ऐकत आलो. इथे संघर्ष आहे तो घड्याळाशी.

आता तो 'युसिस'चा तपशील आठवा. १९६५ साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं. दादर, पार्ले, डेक्कन जिमखाना इथली हुशार मुलं जाऊ लागली. महाराष्ट्राला तेव्हा त्याचा निव्वळ अभिमान होता. आठ वर्षांत या माणसानं त्या अभिमानाची दुसरी बाजू नाटकात आणून ठेवली. मराठी वाचकापर्यंत अमेरिका पोचवणं हे ज्याचं वर्षानुवर्षांचं काम, अमेरिकेच्या प्रवासावर ज्यानं 'लोक आणि लौकिक'सारखं मजेदार पुस्तक लिहिलं, त्यालाच मागे राहिलेलं घर सगळ्यांच्या आधी दिसलं. आज अशी घरं प्रत्येक सोसायटीत आहेत. १९७३ला ती नुकती कुठे तयार होत होती.

आणि निवेदक? 'नानींना फार एकटं वाटत होतं' हे वाक्य नाटकात कुठेच उच्चारायची गरज पडत नाही. ते पाहुण्याला वाढलेल्या दुसऱ्या कप चहात असतं, उगाच लांबवलेल्या निरोपात असतं. एकटेपण सांगायला दळवी नेमकी उलटी गोष्ट करतात, ते पात्रांना खूप बोलायला लावतात.

पण निवेदकाचं खरं काय होतं ते पाहायचं तर 'बॅरिस्टर'कडेच जायला हवं. 'अंधाराच्या पारंब्या' ही त्यांची कादंबरी आणि तिच्यावरून १९७७चं हे नाटक. पुन्हा विजया मेहता. विक्रम गोखले बॅरिस्टर, सुहास जोशी राधा, चंद्रकांत गोखले तात्या, आणि मावशी विजयाबाई.

जुना ब्राह्मणी वाडा, काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर तिथे मावशीबरोबर राहतो. इंग्रजी राहणी, सुधारकी विचार. घराण्यात वेड आहे आणि ते आपल्यापर्यंत येईल ही भीती त्याला आतून पोखरते. वाड्यात राधा आणि तिचा नवरा राहायला येतात. राधा विधवा होते. तिचं केशवपन करायचं ठरतं आणि बॅरिस्टर ते होऊ देत नाही. तिचे केस वाचतात, तिच्या मनात पालवी फुटते, आणि मग त्याच्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो, तिच्याशी लग्न करायचं का?

कादंबरी या माणसाच्या मनात पानंच्या पानं राहू शकते. भीती कशी येते, कशी ओसरते, पुन्हा कशी दाटते ते सांगू शकते. नाटकाला अडीच-तीन तास मिळतात. तर मग रंगमंचावर काय आहे ते बघा. मावशी आहे. डोईवरचे केस काढलेली, लाल आलवणातली मावशी. ती स्वयंपाकाचं बोलते, हसते, चिडते, माया करते. आणि ती समोर वावरते तेवढा वेळ राधेचं पुढचं सगळं आयुष्य प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसत असतं. त्याबद्दल कुणी अवाक्षरही काढायला नको! कादंबरीतल्या निवेदकाला ज्यासाठी प्रकरण लागलं असतं, ते एका नटीच्या रंगमंचावरच्या असण्यानं होतं. निवेदकाचा एक तुकडा मावशीत गेला.

दुसरा तुकडा वाड्यात गेला. तो वाडा म्हणजे घराण्याचा भूतकाळ. 'इथे पिढ्यान्‌पिढ्या अंधार साचला होता' हे वाक्य लिहायचं काम आता नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांच्याकडे. तिसरा तुकडा गेला नटाच्या शरीरात. विलायती पोशाखात ताठ उभा असलेला माणूस हळूहळू कसा खचतो, ते विक्रम गोखल्यांच्या खांद्यांनी आणि श्वासांनी सांगायचं.

आणि चौथा तुकडा? तो पुस्तकात सापडतो. आमच्यासारख्या गावात नाट्यगृह नाही. इथे नाटक पुष्कळदा छापील पुस्तकातूनच येतं आणि त्याचा एक फायदा आहे. नाटक वाचताना कंसातल्या रंगसूचना दिसतात. कोण कुठे वळतो, कुठे थांबतो, दिवा कधी लागतो. प्रेक्षकाला त्या कधीच ऐकू येत नाहीत, पण दिग्दर्शक आणि नट त्यांवरून मार्ग काढतात. खोडलेला निवेदक तिथे, कंसात, दबक्या आवाजात अजून बोलत असतो. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी घरातली सगळी नाटकं काढून फक्त कंस वाचत सुटलो होतो. तुम्हीही वाचून बघा, वेगळंच पुस्तक हाती लागतं.

'बॅरिस्टर'मधली आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६चा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न करून दाखवलं होतं. म्हणजे कायदा आड येत नव्हता, आणि उदाहरणही समोर होतं. हे महाराष्ट्रात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर बॅरिस्टरला! कायद्याचं शिक्षण घेतलेला माणूस कायद्यानं मोकळ्या केलेल्या दारापर्यंत येतो आणि थबकतो. दळवींनी नायकाला वकील केलं, डॉक्टर किंवा प्रोफेसर केलं नाही, यात केवढी तीक्ष्ण नजर आहे.

आपली कादंबरी दुसऱ्याच्या हाती दिली तर काय होतं, तेही दळवींच्या बाबतीत पाहायला मिळतं. 'महानंदा' ही त्यांची कादंबरी, देवाला वाहिलेल्या भाविणीच्या मुलीची आणि तिच्यावर जीव जडलेल्या तरुणाची. तिचं नाटक केलं शं. ना. नवऱ्यांनी, 'गुंतता हृदय हे'. काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे. ते तुफान चाललं. नवरे स्वतः कसलेले कथाकार, त्यांनी प्रेमकथेचा धागा पुढे ओढला. दळवी स्वतः नाटक करतात तेव्हा त्यांचा ओढा प्रेमापेक्षा भीतीकडे जास्त असतो. 'अथांग' या कादंबरीवरून त्यांनी केलेलं 'महासागर' पाहा, तिथेही माणसांच्या संसाराखालचा तळ हलत असतो.

मग त्यांनी वाडा सोडला आणि चौकात आले. 'सूर्यास्त'मध्ये निळू फुले, गांधीयुगातला जुना कार्यकर्ता, ज्याचा मुलगाच सत्तेच्या खुर्चीवर आहे. आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'पुरुष'. गुलाबराव हा राजकारणातला दांडगा माणूस, नाना पाटेकर. अंबिका ही गांधीवादी शिक्षकाची मुलगी आणि स्वतः शिक्षिका, रीमा लागू. गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो. घर, समाज, यंत्रणा सगळे तिला गप्प बसायला सांगतात, आणि ती गप्प बसत नाही.

त्या वेळचा महाराष्ट्र आठवा. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो देशाला माहीत झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. 'पुरुष' त्या उकळत्या दिवसांतलं नाटक आहे. आमच्या तलासरी-डहाणूच्या पाड्यांत, जिथे जमीनदारांच्या वेठबिगारीच्या आणि बायकांवरच्या जुलमाच्या आठवणी अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, गुलाबराव कोण ते समजावून सांगावं लागत नाही.

लेखनाच्या अंगानं 'पुरुष'मधलं आश्चर्य निराळं आहे. गुलाबराव बोलायला गोड आहे! तो विनोद करतो, प्रेक्षक हसतात. ठणठणपाळानं कमावलेली सगळी हजरजबाबी भाषा दळवींनी या माणसाच्या तोंडी घातली. हसल्यानंतर काही मिनिटांत तो काय करतो ते दिसतं आणि आपण कुणाच्या वाक्यावर हसलो हे प्रेक्षकाला कळतं. कादंबरीचा निवेदक पहिल्याच पानावर 'हा माणूस नीच होता' असं सांगून वाचकाला सावध करू शकला असता. इथे सावध करणारा कुणीच नाही, आणि नाटकाचा सगळा दंश त्यातच आहे.

आणि मग 'नातीगोती'. काटदरे नवरा-बायको, मध्यमवर्गीय घर, आणि मतिमंद मुलगा बच्चू. दिलीप प्रभावळकर, स्वाती चिटणीस, आणि बच्चूच्या भूमिकेत अतुल परचुरे. आपल्या मागे याचं कोण करणार, हा आईबापांचा प्रश्न. कादंबरीकार मनात शिरू शकतो. नाटककाराला ते जमत नाही, त्याच्याकडे फक्त संवाद असतात. आणि दळवींनी नाटकाच्या मधोमध असं पोर आणून बसवलं ज्याला स्वतःचं काही धड सांगताच येत नाही! तरी घरातलं प्रत्येक वाक्य त्याच्याभोवती फिरतं. बाप काय बोलतो, आई काय बोलायचं टाळते, शेजारी कुठे बघतात, यांतून बच्चू उभा राहतो. मला विचाराल तर दळवींनी नाटककार म्हणून केलेली ही सर्वांत अवघड गोष्ट आहे, 'बॅरिस्टर'पेक्षाही.

१६ सप्टेंबर १९९४ रोजी ते गेले, पण त्यांच्या गोष्टींची रूपं बदलायची थांबली नाहीत. त्यांच्या हयातीतच 'चक्र'वर रवींद्र धर्मराजांनी हिंदी चित्रपट केला होता. स्मिता पाटीलला त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि १९८१ साली स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च बक्षीस, सुवर्ण बिबट्या. धर्मराज त्याच वर्षी अकाली गेले. 'बॅरिस्टर'चा विजयाबाईंनी हिंदीत 'रावसाहेब' केला, अनुपम खेर आणि तन्वी आझमी यांना घेऊन, आणि त्यातल्या मावशीसाठी त्यांना स्वतःला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. एकच गोष्ट कादंबरी, नाटक, चित्रपट असा प्रवास करते आणि मावशी तिन्हीकडे टिकते! 'दुर्गी' या नाटकावर बिपिन नाडकर्णींनी 'उत्तरायण' केला, शिवाजी साटम आणि नीना कुळकर्णी यांच्यासह. उतारवयात पुन्हा भेटलेल्या दोन माणसांच्या या चित्रपटाला २००४चं सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. लेखकाला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल तर 'सारे प्रवासी घडीचे'पासून करा, कारण त्या हसण्यातून या माणसाशी ओळख पटकन होते. मग 'चक्र'. त्यानंतर 'अंधाराच्या पारंब्या' आणि 'बॅरिस्टर' लागोपाठ वाचा, मध्ये दुसरं पुस्तक घेऊ नका. कादंबरीत जिथे जिथे लेखक बॅरिस्टरच्या मनात शिरतो तिथे खूण करा आणि नाटकात ती जागा कुणाला मिळाली ते शोधा. मावशी, वाडा, शरीर आणि कंस मी सांगितले. आणखीही जागा आहेत, आणि त्या शोधण्यात एक अख्खा पावसाळा आनंदात जाईल.